भाचा म्हणतो, "मी आप्पा": एका भूलतज्ज्ञ बाईचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे वडील, आप्पा, पाच वर्षांपूर्वी गेले. बहिणीचा मुलगा साडेतीन वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून तो म्हणतो, "मी आप्पा हाय. माझी लूना कुठाय?" एकदा आजीला म्हणाला, "मी पडलो तवा तू रडत होतीस." आप्पा न्हाणीघरात कमरेवर पडले होते, आणि पोराच्या कमरेवर जन्मापासून निळसर डाग आहे. आई आता त्याला आप्पांच्या खुर्चीत बसवते, दाजी चिडतात, आणि तुम्ही मधल्या मधे अडकलाय. शेवटी तुम्ही विचारलंय: विज्ञान पुनर्जन्म मानतं का, माणसाची जाणीव मेंदूशिवाय राहू शकते का, आणि तुम्ही तर रोज माणसं बेशुद्ध करता, तुम्हाला काय वाटतं?

आधी माझी पत सांगते, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं भूल देते. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. सकाळी राजारामपुरी, दुपारी शाहूपुरी, रात्री फोन येईल तिकडे. मी वेदान्ती नाही, मेंदूवर संशोधनही करत नाही. माणसाची शुद्ध घालवायची, ती जाग्यावर येईपर्यंत त्याचा श्वास आणि रक्तदाब सांभाळायचा आणि त्याला परत आणायचं, एवढंच माझं काम. या कामामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी जरा तिरकं बघते.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात गुंता झालाय तो शब्दांचा. मराठीत आपल्याकडे चार वेगवेगळे शब्द आहेत: शुद्ध, जाणीव, आठवण आणि आत्मा. घरात वाद पेटला की हे चारही एकाच पोत्यात जातात. भाचा 'लूना' म्हणाला, ही आठवणीची गोष्ट झाली. तो जागा आहे, बोलतोय, ही शुद्धीची. त्याला आतून काहीतरी वाटतंय, ही जाणिवेची. आणि आई म्हणते ते आत्म्याबद्दल. विज्ञानाचा हात आठवण आणि शुद्धीपर्यंत बऱ्यापैकी पोचतो, जाणिवेपाशी अडखळतो, आणि आत्म्याला अजून कुठून धरायचं हेच कुणाला सापडलेलं नाही.

शुद्धीपासून सुरुवात करते. टेबलावर माणूस आडवा असतो. मी सांगते, "हाताला जरा झोंबेल." दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेत जातं. मी मुद्दाम काहीतरी विचारत राहते, कारण बोलणं कुठे तुटतं ते मला बघायचं असतं. मागे करवीर तालुक्यातले एक ऊस बागायतदार सांगत होते, "टोळी येणार म्हणून चार दिस झालं, अजून..." आणि तिथेच थांबले. पापणीच्या केसांवरून बोट फिरवलं, पापणी हलली नाही. दोन तासांनी नळी काढली, घसा साफ केला आणि गृहस्थ म्हणाले, "...पत्त्याच न्हाई बघा." वाक्य पुरं झालं. मधले दोन तास, पोटातलं ऑपरेशन, मी तीनदा बदललेलं सलाईन, यातलं त्यांच्या हिशेबात काहीच नव्हतं. झोपेतून उठलेल्याला रात्र सरली एवढं तरी कळतं. यांना वेळ गेला हेच माहीत नव्हतं.

१६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने इथर देऊन भुलीचं पहिलं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक केलं. तेव्हापासून आम्ही हा धंदा करतोय, आणि औषध पेशींच्या कुठल्या दारावर बसतं हे आता बरंच ठाऊक आहे. ते दार अडवलं की आतून 'मला वाटतंय' हे का बंद पडतं, आणि मुळात चालू तरी का होतं, याचं उत्तर मात्र कुणाकडे नाही. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने नव्वदच्या दशकात या कोड्याला 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं. १९९८ मध्ये त्याच्याशी क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने पैज लावली, की पंचवीस वर्षांत आम्ही जाणिवेची मेंदूतली खूण शोधून दाखवू. २०२३ मध्ये कॉख पैज हरला आणि त्याने भर सभेत चाल्मर्सला वाइनच्या बाटल्या दिल्या. हा किस्सा मला आवडतो. आपल्याकडे असल्या वादात माणसं आधी नाती तोडतात.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. रात्री अडीचला तातडीचं सिझेरियन आलं. बाळाच्या काळजीने मी भूल हलकी ठेवली, आणि स्नायू ढिले करायचं औषध दिलेलं असल्याने बाईंना बोटही हलवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही चहा सांगितला आणि सिस्टर म्हणाल्या दूध नासलंय." शब्द न् शब्द खरा होता. माझे पाय लटपटले. मी माफी मागितली, नीट समजावून सांगितलं, आणि पुढचे कित्येक महिने मला धड झोप लागली नाही. हे क्वचित घडतं. ब्रिटन-आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत साधारण १९,००० भुलींमागे एका रुग्णाने अशी तक्रार केल्याचं आढळलं. सिझेरियनमध्ये हे प्रमाण बरंच जास्त होतं.

याची दुसरी बाजूही आहे. स्नायूंचं औषध देण्याआधी एका हातावर रक्तदाबाचा पट्टा आवळला, तर औषध त्या हातात पोचत नाही आणि तो हात हलू शकतो. ही युक्ती १९७७ पासून माहीत आहे. मग भूल चालू असताना कानात सांगायचं, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." २०१७ मधल्या एका अभ्यासात २६० पैकी साधारण वीसातल्या एकाने हात दाबला. असं करणाऱ्या बहुतेकांना नंतर काहीच आठवत नाही. म्हणजे माणूस आत होता, पण आठवण साठली नाही. 'मला आठवत नाही' आणि 'मी नव्हतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. उलटही तितकंच खरं: एखादी गोष्ट आठवते म्हणून ती आपण अनुभवलीच असं होत नाही. भाच्याच्या बाबतीत हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा.

इथे जरा आडवाटेने जाते. आपल्या शास्त्रकारांनी हा वाद फार पूर्वी घातलाय, आणि तो माझ्या टेबलावर रोज घडतो. अद्वैती, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारे वेदान्ती, म्हणतात: गाढ झोपेतून उठल्यावर माणूस म्हणतो, 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही.' काही कळलं नाही हे तरी कुणाला कळलं? म्हणजे झोपेतही कुणीतरी साक्षी होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणतात: छे, ही आठवण नाही, हे अनुमान आहे. अंग हलकं झालंय, रात्र सरलीय, यावरून माणूस मागाहून हिशेब लावतो. प्रोपोफॉलनंतर कितीतरी रुग्ण म्हणतात, "मस्त झोप लागली बघा." मला दर वेळी वाटतं, हा साक्षीदार बोलतोय की हिशेबनीस? ऊसवाल्या काकांनी तर दोघांचीही पंचाईत केली; त्यांना सुखही आठवेना आणि झोपही. माझा कल नैयायिकांकडे आहे. पण हात दाबणाऱ्या रुग्णांमुळे मी पैज लावणार नाही.

आता मेंदूशिवाय जाणीव. लोक यासाठी मरणाच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव सांगतात. हृदय बंद पडून परत आलेला माझा एक रुग्ण म्हणाला, "मी जोतिबाच्या डोंगरावर होतो. सगळीकडे गुलाल, पायाखाली गुलाल, कुणीतरी म्हणालं, खाली जा." अनुभव खोटा नव्हता, सांगताना त्याचे डोळे भरले होते. पण अमेरिकेतल्या माणसाला बोगदा आणि उजेड दिसतो, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी इयान स्टीव्हन्सन या मनोविकारतज्ज्ञाबरोबर १९८६ मध्ये भारतातले जे अनुभव मांडले, त्यात माणसाला दूत धरून नेतात, तिथे कारकून कागद तपासतो, म्हणतो 'हा तो नव्हे, चुकीचा माणूस आणलाय', आणि परत पाठवतात. सरकारी कचेरीशी आपलं नातं किती खोल आहे बघा.

यात विज्ञान काय करू शकतं याचा उत्तम नमुना म्हणजे डॉक्टर सॅम पार्निया यांचा अभ्यास, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. लोक म्हणतात की आम्ही छताजवळून स्वतःचं शरीर पाहिलं. त्यांनी हॉस्पिटलांत उंच फळ्या लावल्या आणि त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना नोंदवल्या गेल्या, त्यातले ३३० जण घरी गेले आणि १४० जणांशी बोलता आलं. एकाने खोलीत काय चाललं होतं ते बऱ्यापैकी बरोबर सांगितलं, पण त्याच्या खोलीत फळीच नव्हती. चित्र कुणीही पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल, मग हाती काय लागलं? हाती पद्धत लागली: आधी अशी चिठ्ठी लपवा जी दुसऱ्या कुठल्याच वाटेने वाचता येणार नाही, मग विचारा. माझ्या सिझेरियनच्या बाईंनी 'मी वरून पाहिलं' असं सांगितलं असतं, तर चहा-दुधाच्या संवादावरून अख्ख्या गावाने विश्वास ठेवला असता. त्यांनी कानांनी ऐकलं होतं.

एक युक्तिवाद तुमचे काका-मामा नक्की करतील: मेंदू म्हणजे रेडिओ. सेट फुटला म्हणून सांगली आकाशवाणी बंद पडत नाही. हे उदाहरण मी टाकाऊ मानत नाही. विल्यम जेम्ससारख्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये साधारण हाच विचार मांडला होता. पण वॉर्डात मी वेगळं बघते. रेडिओ बिघडला की खरखर येते. निवेदिका शिव्या द्यायला लागत नाही. कपाळामागच्या भागाला मार बसलेला शांत गृहस्थ मात्र घरच्यांना शिव्या देतो, आणि रक्ताची एक गुठळी फक्त नावं पुसून जाते. बिघाडाने कार्यक्रमच बदलतो. त्यामुळे आठवणी आणि स्वभाव मेंदूत घडतात असं मी धरून चालते. मेंदू जळल्यावर त्या दुसऱ्या बाळात कशा पोचतील, याचा रस्ता मला दिसत नाही. रस्ता दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं मात्र मी लिहून देणार नाही.

आता तुमच्या भाच्यासारखी मुलं. यांचा सगळ्यात चिवट अभ्यास व्हर्जिनिया विद्यापीठातल्या याच स्टीव्हन्सन यांनी केला. ते १९६१ मध्ये पहिल्यांदा भारतात आले आणि पुढची चाळीसेक वर्षं गावोगाव फिरले. त्यांच्या गटाकडे २,५०० हून जास्त मुलांच्या नोंदी आहेत. मुलं साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात बोलायला लागतात आणि पाच ते आठपर्यंत विसरतात. स्टीव्हन्सन भोळे नव्हते, आणि त्यांना हसणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्या नोंदी वाचल्या असतील याची मला शंका आहे. पण दोन गोष्टी मला अडतात. एक म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही घरं आधीच भेटलेली असतात आणि मग संशोधक पोचतो. मुलाचं बोलणं पडताळ्याआधी कुणी लिहून ठेवलंय अशा नोंदी शंभरात एकदोन. दुसरी, तपशील श्रद्धेप्रमाणे बदलतात. लेबनॉनमधले द्रूझ पंथाचे लोक मानतात की आत्मा मेल्याबरोबर जन्मतो आणि पुरुषाची बाई होत नाही. त्यांच्याकडच्या नोंदींत तसंच सापडतं. जिथे उलट मानतात तिथे उलट सापडतं. नागपूरच्या एका मराठी बाईंचं 'शारदा' प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. १९७४ पासून त्या मधूनमधून बंगाली बोलायच्या, स्वतःला जुन्या काळातली बंगाली बाई म्हणवायच्या. थक्क करणारी गोष्ट, पण बंगालीशी त्यांचा थोडा परिचय आधीपासून होता, आणि वाद तिथेच अडकला.

स्टीव्हन्सननी एक कुलूपही मागे ठेवलंय. आकडे जुळवून उघडायचं कुलूप त्यांनी स्वतः लावलं, आकडा कुणाला सांगितला नाही, आणि म्हणाले की मेल्यावर जमलं तर कळवीन. २००७ मध्ये ते गेले. कुलूप उघडल्याचं अजून ऐकिवात नाही.

तुमच्या घराकडे येते. तुमची गोष्ट पडताळायला सगळ्यात अवघड प्रकारातली आहे, कारण आप्पा आणि भाचा एकाच घरातले. लूना, न्हाणीघर, रडणारी आजी, हे त्या घरात कितीदा बोललं गेलं असेल? तीन वर्षांचं पोर खेळत असतं तेव्हा आपल्याला वाटतं त्याचं लक्ष नाही. त्यात रोज कुणीतरी विचारतं, "आप्पा, अजून काय आठवतंय?" कॉर्नेल विद्यापीठातल्या स्टीफन सेसी यांनी १९९० च्या दशकात शाळेआधीच्या वयाच्या मुलांना आठवड्यामागून आठवडे विचारलं, 'उंदराच्या सापळ्यात तुझं बोट कधी अडकलं होतं?' असं काही घडलंच नव्हतं. तरी शेवटी निम्म्याहून जास्त मुलं न घडलेली एखादी तरी गोष्ट रंगवून सांगू लागली. ती खोटं बोलत नव्हती. त्यांना तसं आठवत होतं.

कमरेवरच्या डागाचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडच्या बहुतेक तान्ह्या बाळांच्या कमरेवर-ढुंगणावर असा निळसर डाग असतो, आणि शाळेत जाईपर्यंत तो बहुधा फिका होतो. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, म्हणजे घरातल्या वादातला एक मुद्दा तरी मिटेल.

मग करायचं काय? शंभर पानी वही आणा. पोर आपणहून जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, तारीख आणि वेळ घालून, समोर कोण होतं आणि त्याआधी काय बोलणं चाललं होतं तेही. प्रश्न विचारू नका. 'हं' म्हणा आणि त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. पडताळायला बघा ते घरात कुणालाच माहीत नसलेलं. आप्पांनी कुणाला उसने दिलेले पैसे, एखादा जुना मित्र. असं काही आलं तर आधी लिहा, बहिणीची सही घ्या, आणि मगच चौकशीला निघा. काहीच आलं नाही, तर तेही वहीत दिसेल. पोराला रात्री दचकायला होत असेल किंवा ते स्वतःच्या नावाला ओ देत नसेल, तर मात्र वही बाजूला ठेवून बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्या वयात दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घालून हिंडणं जड जातं.

आईशी वाद घालू नका. माझ्या वडिलांच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर तासभर कावळा शिवेना. कावळे जवळच बसले होते, आणि माणसं इतकी दाटीवाटीने उभी असल्यावर ते येणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. पण भावाने हात जोडून म्हटलं, "धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका," आणि सगळे चार पावलं मागे सरले, तेव्हा कावळा आला. माझ्याही तोंडून 'सुटले' निघून गेलं. मागे सरल्यामुळे आला, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. आईला तिच्या आप्पांशी बोलायचं असेल तर फोटोसमोर बोलू दे, खुर्चीत पोराला बसवून नको. एवढी एक अट तिच्याकडून मागून घ्या. नातवासाठी म्हणून मागितलीत तर ती ऐकेल असं वाटतं.

दोनेक महिने वही भरा आणि मग इथेच कळवा. बहिणीलाही वेगळी वही द्या, आणि एकमेकींचं वाचू नका.